पाणी जाते कुठे?

या सदरात बहुधा ठेवी, विमा, वारसनोंद, भागीदारीचे करार असे विषय येतात. या वेळचा विषय मोटारीच्या बोनेटखालचा आहे. तथापि त्याचे मूळ हिशेबाच्या एका जुन्याच चुकीत असल्याने तो येथे अगदीच परका वाटू नये.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करणाऱ्या एका कुटुंबाकडे आठ वर्षे वापरलेली पेट्रोलची मोटार होती. फेब्रुवारीपासून तिच्या बोनेटखालच्या अर्धपारदर्शक डब्यातील कूलंट दर आठवड्यास अर्धा लिटर कमी होऊ लागले. थोरला मुलगा दर रविवारी सकाळी बोनेट उघडी, किमान आणि कमाल या दोन खुणांच्या मधोमध येईपर्यंत नळाचे पाणी भरी आणि पुढच्या कामाला लागे. गाडीखालच्या फरशीवर कधी थेंब दिसला नाही. तापमानाचा काटा मध्यावरच असे. पाणी भरणे हा रविवारच्या कामांपैकी एक भाग होऊन गेला आणि त्याविषयी घरात कोणालाच काही वाटेनासे झाले.

हेच दुकानाच्या गल्ल्यात घडले असते तर? दर शनिवारी रोकड पाचशे रुपयांनी कमी भरते आणि मालक मुकाट्याने खिशातले पाचशे घालून रोजमेळ मिळवतो, असा व्यापारी शोधून सापडणार नाही. पहिल्याच शनिवारी तो दिवा लावून बसेल, पावत्या उलटसुलट तपासील आणि तफावत कोठे आहे ते हाती लागेपर्यंत उठणार नाही. तोच गृहस्थ गाडीच्या बाबतीत मात्र चार महिने खिशातून भर घालत राहतो. त्याचे कारण उघड आहे. पाण्याला किंमत नसते, आणि ज्याला किंमत नाही त्याची नोंद ठेवण्याची आपल्याला सवय नसते.

वस्तुतः इंजिन थंड ठेवण्याची व्यवस्था हा एक बंदिस्त फेरा आहे. पेट्रोल जाळून मिळणाऱ्या उष्णतेपैकी स्थूलमानाने एक तृतीयांश भागच गाडी चालवण्याच्या कामी येतो. तेवढाच भाग सायलेन्सरवाटे बाहेर जातो आणि उरलेली उष्णता इंजिनाच्या धातूत शिरते. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूचे तापमान क्षणभर 2000 अंश सेल्सिअसच्याही वर जाते. इंजिनाचे हेड ज्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ओतलेले असते, तो धातू शुद्ध स्वरूपात 660 अंशांनाच वितळतो. तरीही हेड शाबूत राहते, कारण त्याच्या आतील पोकळ्यांतून कूलंट अखंड फिरत असते. वॉटर पंप ते ढकलतो. थर्मोस्टॅट नावाची, आतील मेणाच्या प्रसरणावर चालणारी झडप सुमारे 82 ते 88 अंशांना उघडू लागते आणि त्याला रेडिएटरकडे वाट देते. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाताना ते वाऱ्याने निवते आणि पुन्हा इंजिनाकडे परतते. या सगळ्यावर दाबाची टोपी असते. तिचे काम स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखेच आहे. समुद्रसपाटीला 100 अंशांना उकळणारे पाणी एक बारच्या जादा दाबाखाली 120 अंशांपर्यंत उकळत नाही. टोपीचे रबर झिजले की ही वीस अंशांची सवलत गेली.

या फेऱ्यात खर्चाची बाजू नाही. पेट्रोल जळून संपते. कूलंट संपत नाही, ते फक्त फिरते. वर्षाकाठी पातळी बोटभर खाली गेली तर ती सोडून देता येते. आठवड्याला अर्धा लिटर ही मात्र गळतीच, मग फरशी कितीही कोरडी असो.

कुटुंबाने काहीच केले नाही असे नव्हे. मार्च महिन्यात गाडी एका गॅरेजात दाखवली. तेथील फिटरने रेडिएटर जाम झाल्याचे सांगून नवा बसवला. बिल 7,500 रुपये. पाणी कमी होणे थांबले नाही. एप्रिलमध्ये दुसऱ्या गॅरेजात नेली. तेथे थर्मोस्टॅट काढून फेकून देण्यात आला, कारण काय, तर आपल्याकडच्या उन्हात त्याची गरजच नाही. हा समज अनेक गॅरेजांत मुरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट काढला की इंजिन योग्य तापमानाला वेळेवर पोहोचत नाही, पेट्रोल जास्त लागते आणि ऑइल लवकर खराब होते. शिवाय कित्येक इंजिनांत हीच झडप पूर्ण उघडताना एक आडवाट बंद करत असते. ती काढून टाकली की आडवाट उघडी राहते, काही कूलंट रेडिएटरकडे न जाताच इंजिनात परत फिरते आणि ऐन चढावर गाडी अधिकच तापते. थर्मोस्टॅटची शंका असेल तर तो सोडवून पाण्याच्या पातेल्यात तापवावा आणि थर्मामीटर धरून कोणत्या अंशाला उघडतो ते पाहावे. ही तपासणी घरच्या शेगडीवरही होते.

दोन्ही बिले दुरुस्ती खात्यावर पडली. दोन्हींत सुट्या भागांची नावे होती, मजुरी होती, कर होता. दोष काय आढळला, याची एक ओळ मात्र कोणत्याच बिलावर नव्हती आणि ती कोणी मागितलीही नाही.

मे महिन्यात पुण्याला नात्यातला साखरपुडा होता. तो आटोपून कुटुंब अडीच वाजता सांगलीस निघाले. गाडी थोरला मुलगा चालवत होता. शेजारी वडील, म्हणजे अण्णा. मागे सून आणि दोन नातवंडे. अण्णांचा रात्रिभोजनत्याग चाळीस वर्षांचा. सूर्य सातच्या सुमारास मावळणार, तेव्हा त्याआधी घर गाठून पानावर बसायचे, असा बेत होता. चारच्या सुमारास गाडी खंबाटकी घाटाला लागली. पुढे मालट्रकांची रांग, पहिला-दुसरा गिअर, वातानुकूलन चालू, बाहेर अंग भाजणारे ऊन. अर्ध्या चढावर काटा मध्य सोडून वर सरकू लागला.

"अण्णा, काटा वर चाललाय. थांबू का?"

"चढ किती राहिलाय?"

"तीन वळणं असतील."

"मग वर जाऊनच थांब. इथं मागं सगळे ट्रक आहेत. आणि सातच्या आत घर गाठायचंय, ध्यानात आहे ना?"

हा निर्णय अविचारी होता असे म्हणता येणार नाही. घाटात मध्येच थांबणे धोक्याचेच असते. पण काट्याविषयी एक गोष्ट अण्णांना आणि मुलाला ठाऊक नव्हती. बहुतेक गाड्यांत काटा मुद्दाम मंद ठेवलेला असतो. तापमान दहा-पंधरा अंश इकडेतिकडे झाले तरी तो मध्यावरच दाखवतो, म्हणजे चालवणारा उगाच घाबरू नये. म्हणून तो मध्यावरून हलला, याचा अर्थ गाडी थोडी तापली असा नसून बरीच तापून झाली आहे असा असतो. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत तर काटाही नाही, नुसता लाल दिवा आहे. तो लागला की सूचनेची वेळ टळून गेलेली असते.

तिसऱ्या वळणाआधी काटा एकाएकी खाली आला. मुलगा हर्षाने म्हणाला, "उतरला बघा, अण्णा!" सगळ्यांना हायसे वाटले. वास्तविक तोच सर्वांत वाईट क्षण होता. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरे सांगतो. कूलंट उकळून खाली गेले आणि सेन्सर कोरडा पडला की तो पोकळीतल्या हवेचे किंवा वाफेचे तापमान सांगतो, आणि काटा खाली येऊ शकतो. चढावर तापलेली गाडी कोणतेही कारण नसता अचानक थंड झालेली दिसली, तर ती पाणी संपल्याची खूण समजावी. त्याच वेळी हीटर लावून पाहिला असता आणि त्यातून गार हवा आली असती, तर शंकाच उरली नसती, कारण हीटरला उष्णता कूलंटकडूनच मिळते.

घाटमाथा जेमतेम आला. इंजिनातून खडखड आवाज येऊ लागला, जोर गेला, बोनेटच्या फटींतून वाफ आली आणि गाडी कडेला थांबली. मुलाने बोनेट उघडले, खिशातला रुमाल हातावर गुंडाळला आणि टोपीला हात घातला. मागे थांबलेल्या ट्रकचा चालक ओरडला, "ओ दादा, हात लावू नका! तोंड भाजंल!" त्या अनोळखी माणसाचे उपकार त्या घराने कधी विसरू नयेत. दाबाखालचे पाणी शंभर अंशांच्या वर असूनही द्रवरूप असते. टोपी सैल होताच दाब जातो आणि तेच पाणी वाफ होऊन उसळते. कुकरचे झाकण वाफ असताना कोणी उघडत नाही. रेडिएटरचे मात्र उघडणारे अनेक आहेत आणि त्यांचे चेहरे व हात भाजल्याच्या हकिकती प्रत्येक गॅरेजात ऐकायला मिळतात.

क्रेन येईतो सहा वाजले. तेवढ्यात सुनेने मागच्या सीटखालून डबा काढला. "अण्णा, दशम्या आहेत की. बिनलसणाची शेंगाचटणी आहे, गाळलेलं पाणी आहे. सकाळीच भरून घेतलंय." अण्णा घाटमाथ्यावर सतरंजीवर बसून सूर्यास्तापूर्वी जेवले. ज्या जेवणासाठी तीन वळणांची घाई केली, ते सबंध वेळ गाडीतच होते.

अशा प्रसंगी करायचे काय, ते येथेच सांगितलेले बरे. काटा मध्यावरून हलताच वातानुकूलन बंद करावे, काचा खाली कराव्यात आणि हीटर पूर्ण गरम करून त्याचा पंखा सर्वांत जोरात लावावा. मे महिन्यात हे सोसत नाही, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच असल्याने इंजिनाची उष्णता तो बाहेर काढतो. चारही दिवे लुकलुकते ठेवून पहिल्या सुरक्षित जागी गाडी डावीकडे घ्यावी. काटा लाल पट्ट्यात गेला असेल, वाफ येत असेल किंवा काटा अचानक पडला असेल, तर तत्काळ इंजिन बंद करावे. मग पाऊण तास तरी काहीही न करता बसावे. हेच सर्वांत अवघड काम आहे. रेडिएटरची वरची रबरी नळी हाताला थंड लागेपर्यंत टोपीला स्पर्श करू नये. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो. गरम तव्यावर पाणी टाकावे तसे ते आहे. गार झाल्यावर जवळचे कोणतेही स्वच्छ पाणी चालेल. आपल्याकडे प्रवासात उकळून गाळलेले पाणी असतेच. उकळल्याने त्यातील काही क्षार खाली बसलेले असतात, तेवढे ते नळाच्या पाण्यापेक्षा बरे. मात्र भरल्यावर लगेच वाहून गेले, तर पुढे चालवण्याचा मोह टाळावा.

गाडी क्रेनने सांगलीला आणली. हेड उतरवले तेव्हा ते वाकलेले निघाले. ॲल्युमिनियम फार तापले की प्रसरण पावते. पण बोल्टांनी ते ब्लॉकला आवळलेले असते, म्हणून पसरायला जागा न मिळाल्याने मुरडते. सरळ पट्टी आडवी ठेवून खालच्या फटीत फीलर गेजची पाती सरकवून हा वाक मोजतात. पुष्कळ इंजिनांत सुमारे 0.05 मिलिमीटरपर्यंतच वाक चालतो, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी. याच्या पलीकडे हेड आणि ब्लॉक यांच्यामधले गॅसकेट, ज्याला गॅरेजात हेड पॅकिंग म्हणतात, ते धरत नाही. येथे ते दोन सिलिंडरांच्या मध्ये जळाले होते. हेडचे फेसिंग, नवे पॅकिंग, नवे बोल्ट, ऑइल, मजुरी असे सर्व मिळून 46,800 रुपये झाले. ब्लॉक वाचला, पिस्टन वाचले; नाहीतर आकडा दुप्पट होता.

विम्याकडे अर्ज केला, तो नाकारला गेला, आणि विमा कंपनीचे यात चुकले नाही. खाजगी मोटारीच्या सर्वंकष पॉलिसीत यांत्रिक किंवा विद्युत बिघाड, झीज आणि परिणामी होणारे नुकसान वगळलेले असते. अपघाताने रेडिएटर फुटला, तर रेडिएटर मिळेल. पण फुटलेल्या रेडिएटरनिशी गाडी चालवून इंजिन गेले, तर ते परिणामी नुकसान ठरते. इंजिन संरक्षण म्हणून जी जोड पॉलिसी विकली जाते, ती मुख्यत्वे इंजिनात पाणी शिरणे किंवा अपघाताने ऑइल गळणे यासाठी असते. प्रत्येक कंपनीचा मजकूर वेगळा असल्याने हप्ता भरण्यापूर्वी तो वाचावा. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर मात्र विसंबू नये.

हेड बसवण्याआधी एक वयस्क मिस्त्रीने मुलाला विचारलेला प्रश्न महत्त्वाचा आहे. दोन गॅरेजांनी तो विचारलाच नव्हता.

"शेठ, गाडी तापायची कधी? उभी असताना, का पळताना?"

या एका प्रश्नाच्या उत्तरात निम्मे निदान असते. गाडी सिग्नलला किंवा गर्दीत तापत असेल आणि महामार्गावर पळू लागताच निवत असेल, तर रेडिएटरचा पंखा पाहावा. वेगात वारा आपोआप मिळतो. उभ्या गाडीला तो पंख्यानेच द्यावा लागतो. वातानुकूलन लावून समोर उभे राहिले आणि पंखा सुरू झाला नाही, तर फ्यूज, रिले, मोटर किंवा सेन्सर यांपैकी काहीतरी गेले आहे. उलट शहरात ठीक आणि वेगात किंवा चढावर तापत असेल, तर कूलंटचा प्रवाह कमी पडतो आहे: रेडिएटरच्या नळ्या क्षाराने भरल्या असतील, पंपाची पाती झिजली असतील, खालची रबरी नळी चोखली जाऊन चपटी होत असेल, नाहीतर मुळात कूलंटच कमी असेल. सुरू केल्यावर थोड्याच मिनिटांत तापत असेल आणि खालची नळी थंडच राहत असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे. बरोबर उलट, लांबच्या प्रवासातही काटा मध्यावर येतच नसेल, तर तो उघडा अडकला आहे.

मुलाने सांगितले की तापण्याची तक्रार नव्हतीच, पाणी तेवढे जात होते. मिस्त्री हसला. "पाणी जातंय म्हणजे कुठंतरी जातंय, शेठ. हवेत विरत नाही."

हेड बसल्यावर त्याने रेडिएटरच्या तोंडावर हातपंपाचे यंत्र लावले, टोपीवर लिहिलेल्या आकड्याइतका दाब भरला आणि चहा प्यायला गेला. पंधरा मिनिटांनी यंत्राची सुई उतरलेली होती. त्याने आरसा आणि बॅटरी घेऊन पंपाच्या पोटाखाली पाहिले. पंपाच्या अक्षाभोवती एक सील असते आणि तिच्यापुढे मुद्दाम ठेवलेले एक बारीक छिद्र असते. सील झिजली की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता या छिद्रातून बाहेर यावे, अशी ती योजना. त्या छिद्राखाली गुलाबी-पांढरट पापुद्र्याचा एक ओघळ वाळलेला होता. गाडी थंड असताना येथून थेंबही पडत नसे. इंजिन तापून दाब वाढला की पाणी झिरपे, तप्त धातूवर पडून उडून जाई आणि मागे फक्त पापुद्रा राही. म्हणूनच सकाळची फरशी कोरडी असे. पंप आणि त्याचे पॅकिंग मजुरीसह 2,900 रुपयांत बदलून झाले. फेब्रुवारीतही ते एवढ्यातच झाले असते.

दाबाची ही चाचणी अर्ध्या तासाची आहे आणि ती जवळपास प्रत्येक बऱ्या गॅरेजात होते. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी जेथे ॲल्युमिनियमच्या जाळीला जोडलेली असते तो सांधा, नळ्यांच्या क्लिपा, टोपी, आणि आतला हीटर, या जागी बहुतेक गळती सापडते. हीटर गळत असेल, तर पुढच्या आसनाखालचा गालिचा ओला लागतो, काचेवर आतून तेलकट धुके धरते आणि गाडीत गोडसर वास येतो. बाहेर कोठेच गळती नसेल आणि तरी कूलंट जात असेल, तर ते इंजिनाच्या आत जाते आहे. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोड वासाचा धूर येत राहणे, ऑइल भरण्याच्या टोपणाखाली सायीसारखा फेस धरणे, चालू इंजिनात कूलंटच्या डब्यात बुडबुडे येत राहणे, ही हेड पॅकिंग गेल्याची चिन्हे. केवळ थंडीतल्या लहान फेऱ्यांनीही टोपणाखाली थोडा फेस येतो, म्हणून एका चिन्हावर हेड उतरवण्यास होकार देऊ नये. एक निळे रसायन असलेली नळी कूलंटच्या तोंडावर धरतात; जळालेल्या वायूचा अंश असेल तर ते पिवळे पडते. त्या चाचणीचा निकाल पाहिल्याविना एवढ्या मोठ्या खर्चाला संमती का द्यावी?

आता पाण्याविषयी. कूलंट म्हणजे रंगीत पाणी, अशी समजूत आहे आणि आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून त्याची गरज नाही, असेही म्हणतात. त्यातील इथिलीन ग्लायकोल गोठण थांबवते हे खरे, पण ते उत्कलनबिंदूही वाढवते, आणि त्याहून महत्त्वाची त्यातील गंजरोधक द्रव्ये. साध्या पाण्यात ॲल्युमिनियम, लोखंड आणि पितळ एकत्र आले की ते एकमेकांना खातात. बोअरच्या जड पाण्याचा चुना घरच्या गिझरमध्ये कसा साचतो, ते प्रत्येकाने पाहिले आहे. रेडिएटरच्या नळ्या गिझरच्या नळाहून कितीतरी बारीक असतात. चार महिने नळाचे पाणी भरून त्या गाडीतले कूलंट इतके पातळ झाले होते की घाटात ते पाण्यासारखेच उकळले. म्हणून सांद्र कूलंटमध्ये मिसळायचे तर शुद्ध केलेले पाणी घ्यावे. ते बॅटरीच्या दुकानात मिळते. रंगावरून जात ओळखू नये. हिरवे, गुलाबी, निळे हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने देतात, आणि दोन वेगळ्या रसायनांची सरमिसळ झाल्यास गंजरोधक गुण कमी होतो, क्वचित गाळही बसतो. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकार आणि मुदत पाळावी.

आपल्या वाचकांच्या दृष्टीने एक बाब याहूनही महत्त्वाची आहे. इथिलीन ग्लायकोल चवीला गोड आणि जहाल विषारी असते. गॅरेजच्या दारात किंवा गटारात ओतलेले जुने कूलंट कुत्री-मांजरे गोडीने चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन तडफडून मरतात. गुरांनाही त्याची बाधा होते. पांजरपोळास देणगी देणाऱ्या घराच्या गाडीचे कूलंट गल्लीत सोडले जाऊ नये, एवढे मालकाने समक्ष उभे राहून पाहावे. ते कॅनमध्ये भरून टाकाऊ ऑइल गोळा करणाऱ्याकडे वेगळे द्यायला सांगावे. सांडलेच तर भरपूर पाण्याने धुवावे. हे सांगताना फिटर थोडा हसेल, हसू द्यावे.

नवे कूलंट भरतानाही एक चूक वारंवार होते. भरताना आत हवेचा फुगा अडकतो, आणि तो थर्मोस्टॅटजवळ राहिला की नवी सामग्री घालूनही गाडी पुन्हा तापते. गाडीचे तोंड किंचित उंचावर ठेवून, हीटर गरमवर ठेवून, हळूहळू भरावे. काही इंजिनांत हवा काढण्यासाठी स्वतंत्र स्क्रू असतो. थर्मोस्टॅट उघडून रेडिएटरचा पंखा एकदोनदा फिरेपर्यंत इंजिन चालू ठेवावे आणि पूर्ण गार झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी. मिस्त्रीने हे सर्व केले, नवा थर्मोस्टॅट बसवला, आणि बिलावर मुलाच्या आग्रहावरून एक ओळ लिहिली: पंपाची सील गळत होती, दाबाच्या चाचणीत आढळले.

रविवारी सकाळी बोनेट उघडण्याचे काम आता धाकट्या नातवाकडे आहे. त्याला पाणी भरण्याची परवानगी नाही. डब्यातील पातळी कोणत्या खुणेवर आहे ते तो पाहतो आणि तारखेसह एका जुन्या चोपडीत लिहितो. ती चोपडी अण्णांच्या गादीशेजारी असते. कार्तिकी पौर्णिमेनंतर कुटुंब कुंथलगिरीला जाऊन आले. निघताना सुनेने डबा भरून मागच्या सीटखाली ठेवला, आणि अण्णांनी गाडीत बसण्याआधी चोपडीचे शेवटचे पान पाहिले. जूनपासूनच्या सर्व नोंदी एकाच खुणेच्या होत्या.